भाजी तीच, रीत नवी

श्रावण सरत आला की परसातल्या मांडवाला दोडका लागतो. आधी दोन, मग चार, मग पाटीभर. घोसाळ्याची, भेंडीची, गवारीची तीच तऱ्हा. थंडी पडली की वांगी आणि मेथी. शेतकऱ्याच्या घरात अशा दिवसांत भाजीचा तुटवडा नसतो, कंटाळा मात्र असतो. शहरातली बाई मंडईत जाऊन रोज वेगळी भाजी पिशवीत घालते. आपल्याकडं जे पिकतं ते संपेपर्यंत तेच चुलीवर चढतं, आणि चढतंही एकाच रीतीनं. तेलात मोहरी, लसूण, तिखट, मीठ, वर पाणी, की झाली भाजी. तिसऱ्या दिवशी पोरगं ताट पुढं ओढतं आणि विचारतं, "आज पण दोडकाच?"

पिकतं तिथं विकत नाही, ही म्हण आपण बाजाराला लावतो. ती ताटालाही लागू आहे. जे आपल्या वावरात उदंड, त्याची आपल्याच ताटात किंमत नाही. मग काय होतं? पोरं भाजी बाजूला सारून दूधभाकरी मागतात. गडी माणसं चटणी-कांद्यावर जेवण उरकतात. आणि उरलेली भाजी, नाहीतर भाजी संपली असेल तर नुसता खर्डा, घरच्या बाईच्या वाट्याला येतो.

मायबहिणींनो, म्हणून आजचा विषय चवीचा वाटला तरी नुसता चवीचा नाही. २०१९ ते २१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी झाली. त्यात आपल्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागं चोपन्न बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या लेकरांत तर शंभरात एकोणसत्तर. खुरपताना धाप लागते, हंडा उचलताना डोळ्यांपुढं अंधारी येते, संध्याकाळी पाय ओढत घरी यावं लागतं. आपण म्हणतो, कामाचा शीण असेल. पुष्कळदा तो शीण कामाचा नसतो, रक्ताच्या कमतरतेचा असतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये जेवणाचे नवे नियम सांगितले. त्यात धडधाकट माणसासाठी दिवसाच्या ताटात पालेभाजी धरून सुमारे ४०० ग्रॅम भाजी असावी, असं म्हटलं आहे. चारशे ग्रॅम म्हणजे दोन वेळच्या जेवणात मिळून चांगल्या तीन-चार वाट्या. आपल्या ताटात एक पळी भाजी आणि तीन भाकरी असतात. भाजी जास्त खा म्हणून सांगितल्यानं कुणी खात नाही. चव लागली तरच खातात. आणि रोज तीच चव कुणालाच लागत नाही.

एका वेळी एकच बदल

नवी रीत म्हटली की आपल्याला वाटतं, आता बाजारातून पनीर आणा, मसाल्याची पुडी आणा, नाहीतर मोबाईलवर कुणी हॉटेलची भाजी करून दाखवते तशी करा. त्याची काही गरज नाही. डब्यात डाळ आहे, शेंगदाणे आहेत, तीळ, कारळं, बेसन, चिंच, गूळ, ताक आहे. एवढ्यावर एका भाजीच्या सात भाज्या होतात.

गुपित इतकंच, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एक तर भाजी चिरायची तऱ्हा बदला. नाहीतर तिचा जोडीदार बदला, म्हणजे डाळ, कूट किंवा पीठ. नाहीतर आंबट बदला, चिंचेऐवजी ताक, ताकाऐवजी लिंबू. नाहीतर शिजवायची रीत बदला, पाण्यात शिजवता ती वाफेवर, वाफेवरची ती निखाऱ्यावर. चारही एकदम बदलाल, तर भाजी ओळखू येणार नाही. घरची मंडळी नाक मुरडतील, आणि बिघडलं काय तेही तुम्हांला कळणार नाही. एकच बदल केला तर चव ओळखीची राहते आणि तरी नवी लागते.

दोडक्याचा आठवडा

नमुना म्हणून दोडकाच घेऊ. पाच-सहा माणसांच्या घराला अर्धा ते पाऊण किलो दोडका धरला आहे. चिरण्याआधी प्रत्येक दोडक्याची एक चकती जिभेला लावून बघा. कडू लागला तर तो पूर्ण टाकून द्या. दुधीच्या बाबतीत तर हे कधीच चुकवू नका. कडू दुधी शिजवूनही बाधतो, उलट्या-जुलाब होतात आणि माणूस दवाखान्यात जातं. कारल्याचा कडूपणा वेगळा, तो त्याचा गुणच आहे. दुधी-दोडक्याचा कडूपणा मात्र विषासारखा समजावा.

पहिल्या दिवशी मूगडाळ घाला. पाऊण वाटी डाळ अर्धा तास भिजवा. फोडणीत जिरं, चार-पाच लसणाच्या पाकळ्या आणि हिरवी मिरची घालून डाळ परता, मग दोडक्याच्या फोडी टाका. पाणी ओतू नका. झाकणीत पाणी ठेवा आणि मंद जाळावर वाफ येऊ द्या. दोडक्याला स्वतःचंच पाणी सुटतं, डाळ त्यात शिजते आणि मोकळी राहते.

दुसऱ्या दिवशी रस्सा. मूठभर शेंगदाणे आणि दोन चमचे तीळ भाजून कुटून घ्या. घरातला काळा मसाला फोडणीत परता, फोडी टाका, गरम पाणी घाला, आणि उकळी आली की कूट घाला. भाकरी कुस्करून खायला हा रस्सा फार चांगला.

तिसऱ्या दिवशी शिरांची चटणी. दोडक्याच्या शिरा आपण उकिरड्यावर टाकतो. त्या सोलून, बारीक चिरून थोड्या तेलावर कुरकुरीत होईपर्यंत परता. त्यात तीळ, सुक्या खोबऱ्याचा तुकडा, लसूण, मिरची आणि मीठ घालून खरबरीत वाटा. चार दिवस टिकते, शेतावर न्यायला बरी पडते. त्या दिवशी सोललेल्या फोडी तुरीच्या आमटीत सोडाव्या.

चौथ्या दिवशी पीठ पेरून. फोडी अगदी बारीक करा, एक कांदा घाला. पाणी आटत आलं की अर्धी वाटी बेसन कोरडंच थोडं भाजून वरून पेरा. हलवू नका, झाकण ठेवा. पाच-सात मिनिटांनी उलथन्यानं परता. ही भाजी कोरडी होते, डब्यात सांडत नाही, शाळेच्या पोरांना आवडते.

पाचव्या दिवशी भरून. कोवळा दोडका बोटभर लांब तुकडे करून उभा चिरा, पण देठाकडून जुळलेला राहू द्या. आत भाजलेल्या कारळ्याचं कूट, शेंगदाण्याचं कूट, तिखट, मीठ, चिंचेचा कोळ आणि सुपारीएवढा गूळ. भरलं वांगं करता तसंच सगळं, फक्त दोडका लवकर शिजतो म्हणून पाणी कमी.

सहाव्या दिवशी कढी. फोडी वाफवून घ्या. दोन वाट्या ताकाला दोन चमचे बेसन लावा, आलं-मिरची ठेचून घाला आणि त्यात फोडी सोडा. ताक एका हातानं ढवळत राहा, नाहीतर फाटतं.

सातव्या दिवशी थालीपीठ. दोडका किसा. किसाला सुटलेल्या पाण्यातच ज्वारी, बाजरी आणि थोडं बेसन मावेल तेवढं मळा. त्यात तीळ, ओवा, कोथिंबीर. ज्या पोरानं आठवडाभर दोडक्याला नावं ठेवली, ते दोन थालीपिठं मागून खाईल आणि त्यात दोडका आहे हे त्याला कळणारही नाही.

आता कुणी म्हणेल, सात दिवस दोडकाच खायचा का? तसं नाही. हा फक्त मासला दाखवला. हाच हिशेब दुधीला लागतो, गवारीला लागतो, लाल भोपळ्याला लागतो. गवारीच्या जोडीला लाल भोपळ्याच्या फोडी टाकून पाहा. गवारीचा तुरटपणा आणि भोपळ्याची गोडी एकमेकींना सांभाळून घेतात. घोसाळ्याची भजी सगळे करतात, पण घोसाळी वाफवून, कुस्करून, दही घालून भरीतही होतं.

पालेभाजीचं थोडं निराळं

पालेभाजीत रक्ताला लागणारं लोह असतं खरं, पण पाल्यातलं लोह अंगी सहज लागत नाही. त्याला आंबटाची सोबत लागते. म्हणून मेथी, तांदुळजा, माठ, शेवग्याचा पाला यांची भाजी झाली की ताटात लिंबाची फोड ठेवा. लिंबू शिजवताना घालू नका, जेवताना वरून पिळा, म्हणजे त्याचा गुण आचेनं जात नाही. लिंबू नसेल तर कच्चा टोमॅटो, आवळ्याचा ठेचा किंवा जेवणानंतर एक पेरू. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका. चहा लोह धरून ठेवतो. तास-दीड तास जाऊ द्या, मग खुशाल घ्या.

भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतली तर सत्त्व पाण्याबरोबर मोरीत जातं. पाला उकडून पाणी फेकून द्यायची काही घरांत चाल आहे. ते पाणी आमटीत घाला, नाहीतर त्यात भाकरीचं पीठ मळा. फोडणीला तेल अगदीच वगळू नका. हिरव्या पाल्यात डोळ्यांना हितकारक असं जे काही असतं, ते अंगी लागायला थोडं तेल लागतंच.

लोखंडी कढई घरात असेल तर पालेभाजी तिच्यातच करा. लोखंड थोडं भाजीत उतरतं आणि ते आपल्या फायद्याचं असतं. मात्र शिजली की भाजी लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. तिथंच राहिली तर काळी पडते आणि चव बिघडते. पितळी पातेल्याला कल्हई नसेल तर त्यात चिंच, ताक, टोमॅटो असलं आंबट काही शिजवू नका.

पाल्याच्या रीतीही पुष्कळ आहेत. मेथी एकदा कांदा-लसणावर नुसती परतून करा, एकदा मूगडाळ घालून कोरडी करा, एकदा बेसन लावून पातळ करा. शेवग्याचा कोवळा पाला मूगडाळीबरोबर चांगला लागतो आणि थालीपिठातही जिरतो. हादग्याची फुलं आतला दांडा काढून कांद्यावर परतावी. अळूची पानं चिंच किंवा आमसुलाशिवाय शिजवू नयेत, घसा खवखवतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. भाजी हे औषध नव्हे. रक्त फारच कमी असेल तर नुसत्या पालेभाजीनं ते भरून येत नाही. गावच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाच्या एका थेंबावर रक्त तपासून देतात. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबीन बाराच्या खाली आणि गरोदर बाईचं अकराच्या खाली असेल, तर रक्त कमी आहे असं धरतात. आशाताई गोळ्या देतात, त्या फडताळात ठेवून देऊ नका. गोळ्याही घ्या आणि भाजीही खा.

शेजारच्या जिल्ह्यातली रीत

नवी रीत शोधायला फार लांब जावं लागत नाही. आपल्याच राज्यात दर पन्नास कोसांवर भाजी बदलते.

खान्देशात वांग्याचं भरीत करतात ते हिरव्या, मोठ्या वांग्याचं. जळगावच्या या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथं वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजतात, मग सोलून लाकडी भांड्यात ठेचतात आणि त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालतात. सोबत कळण्याची भाकरी. आपल्याकडं गॅस आला म्हणून वांगं गॅसवर भाजतो, पण घरात चूल पेटतच असेल तर निखाऱ्यावरचं वांगं एकदा करून पाहा. मसाला तोच, वांगं तेच, फक्त आच बदलली. चव किती बदलते ते जिभेलाच विचारा.

विदर्भात पालेभाजीला बेसनाचं आळण लावून ती पळीवाढी करतात. मराठवाडा-सोलापूरकडं पाला डाळीबरोबर शिजवून, घोटून गरगटं करतात. आंबाडीच्या भाजीत तिकडं ज्वारीच्या कण्या किंवा तुरीची डाळ घालतात, आणि वाढताना वरून तेलात कडकडीत केलेली लसणाची फोडणी घेतात. आंबाडीच्या आंबटपणाला कण्यांचा असा काही मेळ बसतो की नुसती भाजीच खात राहावी. कोकणात कडव्या वालांना मोड आणून, सोलून बिरडं करतात आणि साध्या भाजीवरही ओलं खोबरं पेरतात. आपल्याकडं नारळ रोज परवडत नाही. तिथं आपण भाजलेल्या तिळाचं नाहीतर कारळ्याचं कूट पेरावं. तीळ हाडांनाही चांगला.

आता या रीती आपल्या घरात येणार कुठून? पुस्तकं आहेत, मोबाईल आहे. पण सगळ्यांत जवळचं पुस्तक घरातच असतं, आणि ते बहुतेक वेळा मिटलेलंच राहतं. ते म्हणजे घरात आलेली सून.

सून दुसऱ्या गावाहून, कधी दुसऱ्या जिल्ह्यातून येते. आईच्या हाताखाली ती दहा भाज्या शिकून आलेली असते. सासरी आल्यावर पहिल्या महिन्यात ती एखादी भाजी माहेरच्या रीतीनं करते, आणि कुणीतरी म्हणतं, "आमच्यात असं नाही करत." झालं. त्या दिवसापासून त्या दहाही भाज्या तिच्या मनात बंद होतात. पंचवीस वर्षांनी तीच सासू होते आणि नव्या सुनेला तेच वाक्य ऐकवते. एका वाक्यानं एका घराचं किती नुकसान होतं, याचा कुणी हिशेब ठेवत नाही.

सासूबाईंनो, आठवड्यातला एक दिवस सुनेच्या माहेरच्या भाजीचा ठरवा. "तुझी आई ही गवार कशी करते गं? आज तशी कर," एवढं म्हणा. भाजीही नवी होईल आणि घरात पोरीचा जीवही रमेल. आणि सुनांनो, तुम्हीही सासूबाईंच्या हातच्या जुन्या रीती विचारून घ्या. करडईच्या कोवळ्या पाल्याची भाजी, हरभऱ्याचा पाला वाळवून केलेली भाजी, कोहळ्याचे सांडगे घातलेली आमटी, हे सगळं त्यांच्या पिढीबरोबर निघून चाललं आहे. आज विचारलं नाही तर उद्या सांगायला कुणी राहणार नाही.

बांधावरची भाजी, पण जपून

पावसाळ्यात बांधावर आणि माळावर फुकट भाजी उगवते. कुर्डू, टाकळा, घोळ, पाथरी, तांदुळजा, कर्टोली. आपल्या आया-आज्यांनी यावर कितीतरी पावसाळे काढले. अलीकडं कृषी खातं जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतं. तिथं शहरातली माणसं या भाज्या पैसे देऊन नेतात. आपण मात्र त्यांना तण म्हणतो.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घेवडा, वाल आणि इतर भाज्यांची गावरान बियाणी जपली. त्यासाठी त्यांना २०२० सालचा पद्मश्री किताब जाहीर झाला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं परसबागेतून केलेलं हे काम आहे. परसात घेवड्याचे तीन वाण असले तर एकाच घेवड्याच्या भाजीत तीन चवी मिळतात. रीत बदलण्याचा हाही एक मार्ग आहे, की बीच बदललं. दोन वेल गावरान वाणाचे लावा आणि बी धरून शेजारणीलाही द्या.

पण आताच्या काळात एक सावधगिरी हवी. ज्या बांधावर तणनाशक मारलं असेल तिथली भाजी खुडू नका. आपल्या शेतात मारलं नसेल, पण शेजारच्या बांधावरून वाऱ्यानं येतं, तेव्हा विचारून खात्री करा. परसातल्या भाजीवर फवारणी झाली असेल तर डब्यावर किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. तेवढे दिवस भरल्याशिवाय तोडू नका. कपाशीवरचं औषध भाजीवर मारू नका. आणि जी रानभाजी घरातलं जाणतं माणूस नक्की ओळखत नाही, ती चवीपुरतीही शिजवू नका.

वेळ कुठून आणायचा?

हे सगळं वाचून एखादी बहीण म्हणेल, "पहाटे पाचला उठते, धारा काढते, भाकऱ्या थापते, आठला वावरात पोचते. नवी रीत करायला वेळ कुणाला आहे?" प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर सोयीत आहे.

रविवारी किंवा बाजाराच्या दिवशी सवड काढून तीन डबे भरून ठेवा. एकात शेंगदाण्याचं कूट, दुसऱ्यात तीळ किंवा कारळ्याचं कूट, तिसऱ्यात भाजलेलं बेसन. कूट एका आठवड्यापुरतंच करा, जास्त दिवस राहिलं तर खवट होतं. हे तीन डबे हाताशी असले की पहाटे रीत बदलायला एक मिनिटही जास्त लागत नाही, फक्त हात दुसऱ्या डब्याकडं वळवायचा. डाळ रात्री भांडी घासताना भिजत घाला. उन्हाळ्यात डाळ रात्रभर आंबते, तेव्हा ती पहाटे उठल्याबरोबर घाला, भाकऱ्या होईपर्यंत भिजते.

नवी रीत करायची ती थोडीच करा. कामावर माणसं असतील, पाहुणे असतील त्या दिवशी करू नका. सवडीच्या संध्याकाळी, घरच्या मंडळींपुरती करा. पहिल्यांदा कुणी नाव ठेवलं तरी पंधरा दिवसांनी पुन्हा करा. नव्या चवीला जीभ एकदम सरावत नाही, पोरांची तर नाहीच. पोरांना चिरायला, मटार सोलायला, मेथी निवडायला बसवा. जी भाजी पोर स्वतः निवडतं, तिला ते सहसा नावं ठेवत नाही. आणि यात मुलगा-मुलगी असा भेद करू नका. मुलगा मेथी निवडायला बसला तर त्याच्या मर्दपणाला काही धक्का लागत नाही.

कारभाऱ्यांनाही दोन शब्द. घरात ही पानं तुम्हीही वाचता, हे ठाऊक आहे. नवी भाजी ताटात आली तर आधी पूर्ण खा, मग बोला. चांगली झाली असेल तर तोंडानं सांगा. शेतात नवं बियाणं पहिल्या वर्षी थोडं कमी आलं तरी तुम्ही पुन्हा पेरता. चुलीवरच्या प्रयोगालाही तेवढी एक संधी द्या.

आधी एक वाटी बाजूला

शेवटी सगळ्यांत महत्त्वाचं. भाजी रुचकर झाली की ती लवकर संपते, आणि जिनं केली तिलाच उरत नाही. म्हणजे इतका सगळा खटाटोप करून जिच्या अंगात रक्त कमी, तिच्या ताटात पुन्हा खर्डाच. म्हणून भाजी उतरवली की वाढायच्या आधी एक भरली वाटी झाकून बाजूला ठेवायची. ती जेवणाऱ्या बाईची. घरात दोन बाया असतील तर दोन वाट्या. यात हावरटपणा नाही. बैलाला वैरण घातल्याशिवाय औत जुंपत नाही, आणि घर जिच्या हातांवर चालतं तिला मात्र उरलंसुरलं, हा कुठला न्याय? सगळ्यांनी एका पंगतीला बसून जेवलं तर फारच उत्तम, मग वाटी झाकायचीही गरज नाही.

या आठवड्यात एवढंच करा. तुमच्या वावरात आज जी भाजी उदंड आहे तीच घ्या आणि तिच्यात एकच गोष्ट बदला. शेजारणीला एक वाटी पाठवा आणि तिची रीत विचारून घ्या. तुमच्या गावाकडं एखादी खास रीत असेल तर आम्हांला पोस्टकार्डावर कळवा. भाजी कोणती, जोडीदार कोण, आंबट काय आणि आच कशी, एवढं लिहिलं तरी पुरे. चांगल्या रीती या पानावर येतील. पुढच्या वेळी मोड आलेल्या कडधान्यांविषयी बोलू. तोवर तिळाचा डबा भरून ठेवा.